अंधारबुवा आणि मधला ठिपका

"बाई, तुम्ही खोकं आपटलंत आणि माझा कण पळाला."

अंधारबुवा माझ्याशी बोलले ते पहिलं वाक्य हे. मी तेव्हा संस्थेच्या स्टोअरमध्ये नवीनच लागले होते. काचेच्या नळ्यांची खोकी मोजून रॅकवर चढवत होते, त्यातलं एक हातातून निसटलं. आत काही फुटलं का ते बघायला मी वाकले, तर हा माणूस दारात उभा. किडकिडीत, करडा कोट, आणि डोळे असे किलकिले केलेले की जणू उजेड ही माझी चूक आहे.

मीही काही कमी तापट नाही. म्हटलं, "पळाला तर धरून आणा. माझ्याकडे कशाला आलात? मी काय कण सांभाळायला बसलेय इथे?"

"धरलाच होता," ते म्हणाले. "दोन तास."

एवढं बोलून गेले. मला वाटलं, वेडा आहे. मग कळलं की तळघरात प्रकाशाची प्रयोगशाळा आहे, हे तिथले तंत्रज्ञ आहेत, आणि माझं स्टोअर बरोबर त्या खोलीच्या डोक्यावर येतं. मी वर स्टूल ओढलं तरी खाली त्यांचं काम हलतं. सगळे त्यांना अंधारबुवा म्हणायचे, कारण ते दिवसभर काळोखात बसायचे. तोंडावरसुद्धा म्हणायचे. त्यांना राग नव्हता त्याचा. मला वाटतं, आपल्याला कुणी काहीतरी म्हणतंय यातच त्यांना बरं वाटत असावं.

तर हे काम काय, ते मला पुष्कळ वर्षं पटलंच नव्हतं. उजेडाने वस्तू धरायची म्हणे! मी म्हटलं, उजेडाला काय हात असतात? एकदा त्यांनी मला खाली नेऊन दाखवलं. जड दगडी टेबल, त्यावर भिंगं आणि आरसे, एका टोकाला लेसर. त्याचा उजेड डोळ्याला दिसतच नाही. तो उजेड एका छोट्या पडद्यावर पडतो. त्या पडद्यावर बुवा संगणकातून एक नक्षी उमटवतात, आणि नक्षीमुळे एका झोताचे चार, आठ, बारा ठिपके होतात. हे ठिपके सूक्ष्मदर्शकाखालच्या पाण्याच्या थेंबात उतरतात. पाण्यात कण असतात, केसाच्या जाडीत पन्नास मावतील एवढाले. कण ठिपक्याजवळ आला की त्यात बसतो आणि उठत नाही. नक्षी बदलली की ठिपका सरकतो, कणही त्याच्यामागून सरकतो.

"मग हा धरलाय की काचेला चिकटलाय, हे कसं कळतं?" मी विचारलं. मला वाटलं, पेचात पकडलं.

बुवा इतके खूश झाले की विचारू नका. म्हणाले, "हा प्रश्न कुणी विचारत नाही. बघा, आता मी सूक्ष्मदर्शकाखालचं हे छोटं टेबल सरकवतो." त्यांनी एक बारीक मळसूत्र फिरवलं. संगणकाच्या पडद्यावर दिसणारं पाण्यातलं सगळं एका बाजूला वाहत गेलं. तीन कण मात्र जागच्या जागी राहिले. चौथा वाहत गेला. "तो चौथा चिकटला होता," बुवा म्हणाले. "रोज सकाळी आधी हे करायचं. त्याशिवाय एकही आकडा लिहायचा नाही."

त्यांच्या अशा पुष्कळ सवयी होत्या. काच पुसायची तर आधी कडेला पेन्सिलीने बारीक खूण करायची, म्हणजे परत लावताना बाजू चुकत नाही. मोजमाप चालू असताना दारावर लाल दिवा, आणि आत बोलायचं नाही, खोकायचं नाही. असं पंचवीस वर्षं. माणूस बोलायचंच विसरला होता, आणखी काय होणार?

घरीही तीच गत. ते तळमजल्यावर एका खोलीत राहायचे आणि वरच्या मजल्यावर त्यांचा सख्खा धाकटा भाऊ, वहिनी आणि दोन पुतण्या. लग्न केलं नव्हतं. वरच्यांशी भांडण होतं का? छे! भांडण असतं तर मिटवता तरी आलं असतं. आई होती तोवर ती वर-खाली करायची, ती गेल्यावर कुणी केलं नाही, बस. बुवा मला सांगायचे, "काल धाकट्या पुतणीने नवी चप्पल घेतली." मी विचारलं, "दाखवायला आली होती?" म्हणाले, "नाही. पावलाचा आवाज बदललाय." मला इतका संताप आला की मी त्यांना लेन्स पुसायच्या कागदाची एकाऐवजी दोन पुडकी दिली. दुसरं काय देणार?

मग ती पोर आली.

पीएचडी करायला आली होती, लांबच्या गावाहून. बारीक चणीची, बोलायला लागली की थांबायची नाही. बुवांना पहिल्या दिवशीच "काका" म्हणाली आणि मला "मावशी". तिला दोन पेशी उजेडाने धरून मधोमध आणायच्या, एकमेकींना चिकटू द्यायच्या, आणि मग ओढून सोडवायच्या होत्या. सुटायला किती जोर लागतो, ते मोजायचं. हा तिचा सगळा अभ्यास. दारावर लाल दिवा असला की तीही गप्प बसायची, पण दिवा विझला रे विझला की तिची टकळी सुरू. खालून हसण्याचा आवाज वर यायला लागला. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हातातलं काम सोडून ऐकत राहिले. बुवा हसत होते.

एक दिवस बुवा मागणीची चिठ्ठी घेऊन आले. "खुर्ची, एक." कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं, "बसायला."

"बसायलाच असते खुर्ची," मी म्हटलं. "आहे ना तुमच्याकडे एक?"

"एकच आहे," बुवा म्हणाले, आणि त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

मी काढून दिली. चांगल्यातली दिली. आणि खरं सांगू? मला हेवा वाटला. इतकी वर्षं मी त्यांच्या डोक्यावर बसून एकटी डबा खात होते. माझ्या घरी थोरली बहीण, तिला ऐकू येत नाही, म्हणजे तिथेही बोलण्याचा आनंदच. पण "बाई, डबा खायला खाली या" असं या गृहस्थाच्या तोंडून कधी आलं नाही. मीही कधी म्हटलं नाही, ते सोडा. आणि ही कालची पोर पायऱ्यांवर उन्हात डबा घेऊन बसते आणि खाली हाक मारते, "काका, लवकर या, मी थांबलेय!" आणि बुवा चक्क वर यायचे. उन्हात! डोळे मिचकावत बसायचे तिच्याशेजारी.

दोन वर्षं असं छान चाललं. पहिला बराच काळ तयारीत गेला, मग तिचे आकडे जमले. पेशी एकमेकींना वाटलं होतं त्याहून खूपच घट्ट धरून असतात, असं काहीतरी निघालं होतं. तिच्या मार्गदर्शक मॅडम खूश, ती खूश. आणि एका दुपारी पत्र आलं, एका मोठ्या संस्थेने तिला बोलावलं होतं. दोन महिन्यांत थिसिस देऊन रुजू व्हायचं.

ती धावत खाली गेली. बुवा नुकतंच काम संपवत होते. नक्षी पुसली होती, लेसर बंद करायचा बाकी होता. ती "काका, मिळालं!" म्हणून ओरडली आणि बुवा लेसर बंद करायचं विसरले. पत्र दोनदा वाचलं, तिच्या डोक्यावर हात ठेवला. ती उड्या मारत गेली. मग बुवा एकटे खुर्चीवर बसले आणि संगणकाच्या पडद्याकडे बघत राहिले. सुटलेले कण पाण्यात भटकताना बघायला त्यांना आवडायचं.

एक कण थांबला. पडद्याच्या बरोबर मधोमध.

तिथे ठिपका नव्हता. नक्षीच नव्हती, तर ठिपका कुठून येणार? बुवांनी टेबल सरकवलं. सगळं वाहत गेलं आणि तो मधला कण बसून राहिला.

आता हे नीट सांगते, कारण सगळं यावरच आहे. झोतातला थोडा उजेड हट्टी असतो. तो नक्षीला जुमानत नाही, सरळ मध्ये जाऊन पडतो. त्याला अडवायला वाटेत एक काच लावलेली असते आणि त्या काचेवर टाचणीच्या डोक्याएवढा काळा ठिपका. हा ठिपका काचेच्या बरोबर मध्यावर नव्हता, केसभर बाजूला होता. म्हणून काच एकाच बाजूने लावायची. उलटी लागली तर काळा ठिपका भलतीकडे जातो आणि हट्टी उजेड निसटतो. डोळ्याला दिसत नाही, कॅमेऱ्यापुढे तो उजेड अडवणारी गाळणी असते म्हणून तिथेही दिसत नाही. पण धरायचं ते धरतोच. आणि पोरीच्या पेशी नेमक्या मधोमध चिकटायच्या. त्यांना हा मधला उजेड चोरून धरून ठेवत होता. पेशी काही तेवढ्या घट्ट नव्हत्या.

बुवांनी काच काढली. कडेला ताजी खूण नव्हती. त्यांनी आपली वही उघडली. काच शेवटची पुसली होती त्याला सात महिने झाले होते, आणि ती वेळ होती जेवणाची. त्यांना आठवलं. वरून हाक आली होती, "काका, लवकर या, मी थांबलेय."

दुसऱ्या दिवशी ते माझ्याकडे आले. चिठ्ठी नव्हती. काउंटरला टेकून उभे राहिले आणि हे सगळं मला सांगितलं. "पंचवीस वर्षांत एकदा खूण करायची राहिली," म्हणाले. "मला वाटलं, ती थांबलीय. आई गेल्यापासून जेवायला माझ्यासाठी कुणी थांबलं नव्हतं, बाई."

मी विचारलं, "आता?"

"सात महिन्यांचे आकडे वाया. पुन्हा मोजायला सात महिने. ती नोकरी जाईल."

"आणि नाही सांगितलं तर?"

"तर कुणाला कळणार नाही. ती जाईल." मग म्हणाले, "सांगितलं तर ती आणखी सात महिने इथे राहील. बाई, मला ते हवंय. म्हणून तर जीभ उचलत नाही. मी खरं म्हणून सांगतोय की स्वतःसाठी सांगतोय, ते माझं मलाच कळत नाहीये."

आता इथे कुणी शहाणी बाई असती तर म्हणाली असती, जा, आत्ताच्या आत्ता सांगा. मी काय म्हटलं? मी म्हटलं, "बुवा, तोंड बंद ठेवा. पोरीचं चांगलं चाललंय, त्यात खोडा घालू नका. चार आकडे इकडचे तिकडे झाले तर काय आभाळ कोसळतंय? जाऊ दे तिला." आणि माझ्या मनात होतं, एकदाची जाऊ दे. हे मी आज लिहितेय, तेव्हा स्वतःशीही कबूल केलं नसतं.

बुवांनी माझं ऐकलं. जन्मात कुणाचं ऐकलं नाही आणि ऐकलं ते नेमकं माझं. अकरा दिवस गप्प राहिले. त्या अकरा दिवसांत पोरीने होकार कळवला, राहती खोली सोडायची सूचना दिली, सामान बांधायला माझ्याकडून रिकामी खोकी नेली. बुवा खंगत चालले होते. पायऱ्यांवर डबा उघडून बसायचे आणि तसाच बंद करायचे. ती विचारायची, "काका, बरं नाही का?" बाराव्या दिवशी सकाळी त्यांनी तिला खाली बसवलं, नक्षी पुसली, टेबल सरकवलं आणि मधला कण दाखवला.

मी वर होते. तिचा आवाज आला, आणि तो जिन्यातून थेट माझ्यापर्यंत आला. "कधी कळलं तुम्हाला? अकरा दिवस? अकरा दिवस तुम्ही मला सामान बांधू दिलंत?" मग काही वेळाने, हळू, पण ते मी ऐकलंच, "तुम्हाला मी जायलाच नको होतं. म्हणून केलंत ना हे?"

बुवा काय म्हणाले ते ऐकू आलं नाही. मी काउंटर धरून उभी होते. खाली जाऊन म्हणायला हवं होतं, अगं, गप्प बसा असं मी सांगितलं होतं त्यांना. पाय उचलला नाही माझा. बुवांनीही माझं नाव घेतलं नाही. त्या दिवशी नाही, पुढेही कधी नाही.

नोकरी गेली. त्यांनी दुसऱ्या कुणाला घेतलं. पोरीने सात महिने पुन्हा मोजलं सगळं. बुवांना जे हवं होतं ते मिळालं म्हणायचं, आणि असं मिळालं की शत्रूलाही मिळू नये. ती रोज यायची, त्याच खुर्चीवर बसायची, आणि कामापुरते शब्द बोलायची. "टेबल." "गाळणी." "बंद करा." लाल दिवा विझला तरी गप्प. डबा कुठे खायची देव जाणे, पायऱ्यांवर नाही. बुवा खालीच खायचे. मी वर कान देऊन बसायचे आणि खाली दोन माणसं असून चिटपाखरू नसल्यासारखं वाटायचं. मी खोकी ठेवतानासुद्धा फडकं टाकून ठेवायचे, तिचा एक आकडा माझ्यामुळे बिघडायला नको म्हणून.

नवे आकडे आले. पेशी बेताच्याच घट्ट होत्या, आधी सगळ्यांना वाटत होतं तेवढ्याच. थिसिस साधाच झाला. तिला लांब कुठेतरी जागा मिळाली, पहिलीइतकी मोठी नाही.

शेवटच्या दिवशी ती खाली गेली. हे मला बुवांनी सांगितलं, पुष्कळ नंतर. ती उभीच राहिली आणि म्हणाली, "काका, एकच खरं सांगा. मी जाऊ नये असं वाटत होतं तुम्हाला?"

"हो," बुवा म्हणाले.

"आणि काच खरंच उलटी होती?"

"हो. दोन्ही खरं होतं, बेटा."

ती निघाली. मग दारातून मागे वळून म्हणाली, "काच आज मी पुसलीय. खूण करून लावलीय. तुम्ही एकदा बघून घ्या." आणि गेली. माझ्याकडे येऊन मला नमस्कार केला, "मावशी, काळजी घ्या" म्हणाली. माझ्याच्याने तिच्या नजरेला नजर देववली नाही.

बुवांनी काच बघितली. बरोबर लागली होती.

त्यानंतर एका सोमवारी बुवा ती खुर्ची घेऊन वर आले. चिठ्ठीवर "परत" असं लिहिलेलं. मी सही करून घेतली. मग दोन आठवडे खालून काहीच ऐकू आलं नाही. दारावर लाल दिवा रोज लागायचा, पण धरायला आता कुणाचं काम नव्हतं, नवा विद्यार्थी यायचा होता. बुवा एकटेच आत बसायचे. मीही एकटी वर. मधे एक फरशी.

एका दुपारी मला ते सहन होईना. मी रॅकवरून काचेच्या नळ्यांचं खोकं काढलं. रिकामं नव्हे, भरलेलं. दोन्ही हातांनी डोक्याच्या वर उचललं आणि फरशीवर आपटलं. असा खळ्ळकन आवाज झाला की माझी मीच दचकले.

मग मी थांबले. बराच वेळ कुणी आलं नाही. मला वाटलं, संपलं, आता हा माणूस भांडायलासुद्धा येणार नाही. तेवढ्यात जिन्यावर पाऊल वाजलं आणि बुवा दारात आले. तसेच डोळे किलकिले करून.

"पळाला का तुमचा कण?" मी विचारलं.

"नाही," बुवा म्हणाले. "आज काही धरलंच नव्हतं मी."

"मग वर कशाला आलात?"

"आवाज आला."

मी काचा गोळा करायला वाकले. वाकूनच बोलले, कारण तोंड वर करून बोलता आलं नसतं. "बुवा, गप्प बसा म्हणाले ती मी. मी तेव्हा खाली येऊन तिला सांगायला हवं होतं. तुम्ही उगाच सगळं स्वतःच्या अंगावर घेतलंत."

"ऐकलं तर मीच ना," बुवा म्हणाले. "हात कापेल, बाई. झाडू आणा." आणि माझ्या हातातली काच काढून घेतली.

झाडून झालं. ते दारात घुटमळले. मी ती परत आलेली खुर्ची रॅकमागून ओढून काउंटरपाशी ठेवली, वरची धूळ पदराने पुसली.

"डबा खाल्लात?" मी विचारलं.

"खाली आहे."

"मग घेऊन या."

ते वळले आणि भराभरा जिना उतरायला लागले. पेन्सिलीच्या खुणेची ती गोष्ट मला आठवली आणि मी वरून ओरडले, "बुवा, घाई करू नका! सगळं नीट बंद करून या. मी थांबलेय."